पहिले पाढे पंचावन्न

मागे एकदा माझा भाचा व्हिडिओ गेम खेळताना माझ्या शेजारी सोफ्यावर बसून ४१७ वेळा मेला. आकडा माझा नाही हां, गेमच मोजत होता, कोपऱ्यात एक बारकी कवटी आणि तिच्यापुढे आकडा. काट्यांवर पडला, मेला. उडी कमी पडली, मेला. उडी जास्त झाली, छताला आपटून खाली आला आणि मेला. मी पुस्तक घेऊन बसले होते पण एका पानापुढे सरकले नाही. शेवटी न राहवून विचारलं, "अरे, अजून किती वेळा मरशील?" मला वाटलं चिडेल नाहीतर ओशाळेल, तर साहेब मान न वळवता म्हणतात, "चारशे सतरा झाले. काल तर मी इथपर्यंत पोचतच नव्हतो गं मावशी."

वय वर्षं ११. आणि याच मुलानं त्याच आठवड्यात गणिताचा पेपर ड्रॉइंगच्या वहीत घालून दप्तराच्या तळाशी दडवला होता. २० पैकी ६. बहिणीला तो सापडल्यावर जे काही रडणं झालं त्याचं सार एवढंच की मला गणित येत नाही, कधीच येणार नाही, मी ते सोडून देणार आहे. (सोडायची सोय नाहीये ही गोष्ट वेगळी.) म्हणजे बघा, एकीकडे ४१७ वेळा पडून गडी ताजातवाना, दुसरीकडे एकदाच पडून पार खचलेला, आणि दोन्हीकडे गडी तोच.

"आजकालच्या पोरांना चिकाटीच नाही" हे वाक्य त्या दिवसापासून मी बंद केलं. चिकाटी आहे की, ढीगभर आहे. फक्त ती टाकीतल्या पाण्यासारखी माणसात भरलेली नसते, की कुठलाही नळ उघडला की यावी. एका जागी ती बदाबदा येते आणि दुसऱ्या जागी नळ नुसता सूं सूं करतो. मग माणसापेक्षा त्या जागेतच काहीतरी बघण्यासारखं असणार ना.

आणि खरं सांगायचं तर हे मला भाच्यामुळे नाही, माझ्यामुळे लागलं. दीड वर्षापूर्वी, बेचाळिशी उलटल्यावर, मी कीबोर्ड शिकायला घेतला. लहानपणी राहून गेलं होतं वगैरे, सगळ्यांचं काही ना काही राहून गेलेलं असतं तसं. पहिले काही महिने बरे गेले, आणि मग सरांनी दोन पानांची एक धून दिली. वाजवायला साधारण तीन मिनिटं लागतात. त्यात दुसऱ्या पानावर एक जागा आहे, तिथे उजवा हात भराभर वर चढत असतो आणि त्याच वेळी डाव्या हाताला जवळजवळ दोन सप्तकं खाली उडी मारून एक जड स्वर पकडायचा असतो. माझं घोडं तिथे पेंड खायचं. रोज. चार महिने. मग मी झाकण आपटायचे आणि उठून जायचे, आणि उठताना मनात ठरलेलं वाक्य, की या वयात बोटं वळत नाहीत. मधे काही दिवस तर कीबोर्डच्या पट्ट्याच जड आहेत असं ठरवलं होतं. अंगण वाकडं, दुसरं काय.

तर त्या संध्याकाळी भाचा मरत होता आणि मी मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावलं. मेल्यापासून परत उडी मारायला तयार होईपर्यंत किती वेळ जातो? एक सेकंदसुद्धा नाही. 'गेम ओव्हर'ची पाटी नाही, रडकं म्युझिक नाही, 'परत खेळायचं आहे का' हा प्रश्न नाही. मेला की त्याच खोलीच्या दारात उभा. अडलेल्या जागेपासून चार पावलांवर.

मग मी माझा हिशोब केला आणि मला घाम फुटला. मी चुकले की काय करायचे? परत पहिल्यापासून सुरुवात. पहिले पाढे पंचावन्न. का? तर असंच करायचं असतं असं वाटायचं. चुकलं म्हणजे धून बिघडली, बिघडली म्हणजे पहिल्यापासून शुद्ध वाजवली पाहिजे, जणू काही प्रायश्चित्तच. आता ती अडणारी जागा येते दोन मिनिटं दहा सेकंदांनी. म्हणजे अर्धा तास रियाज केला तर त्या जागेच्या वाट्याला किती प्रयत्न आले? तेरा. फार तर चौदा. आणि तिथे पोचेपर्यंत मी आधीच्या सव्वादोन मिनिटांत थकलेली, धास्तावलेली, 'आता येणार, आता येणार' करत. त्याऐवजी त्या जागेच्या दोन मात्रा आधीपासून सुरू केलं तर एक फेरी दहा सेकंदांची, अर्ध्या तासात १८०. म्हणजे मी चार महिने जे करत होते ते भाचा दहा दिवसांत उरकून पुढच्या लेव्हलला गेला असता. आणि गंमत म्हणजे या सगळ्या काळात माझी धूनीची सुरुवात मात्र अशी काही घोटून गुळगुळीत झाली होती की ऐकणाऱ्याला वाटावं, वा, काय तयारी आहे. पहिलं पान मलमल, दुसरं पान गोणपाट.

वाद्य शिकणारी बहुतेक सगळी नवशिकी माणसं हेच करतात असं सर नंतर म्हणाले. मग आधी का नाही सांगितलं हो सर, असं मनात आलं, पण बोलले नाही.

गेममध्ये हे असं पहिल्यापासून नव्हतं बरं का. नाणं टाकून खेळायच्या आर्केड मशीनमध्ये मरण म्हणजे मालकाचा गल्ला. तुम्ही लवकर मेलात तर पुढचं नाणं लवकर पडणार, त्यामुळे गेम कठीण हवा आणि मरणही महाग हवं. मग गेम घरातल्या टीव्हीवर आले, तिथे नाणं टाकायचं नव्हतं तरी तीन जीव आणि गेम ओव्हर ही पद्धत मात्र तशीच चालत आली. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या, तीन जीव संपले की परत पहिल्या जगात पहिल्या पायरीवर. आठव्या जगापर्यंत पोचलेलं पोर आणि आत्ताच बसलेलं पोर एकाच ओळीत. पुढे हळूहळू गेम करणाऱ्यांच्या लक्षात आलं की कठीण असणं आणि शिक्षा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक ठेवून दुसरी काढता येते. २०१०चा 'सुपर मीट बॉय', २०१८चा 'सेलेस्ट', हे दोन्ही गेम भयंकर कठीण म्हणून ओळखले जातात, पण जीव कितीही, आणि मेलं की तत्काळ परत उभं. 'सेलेस्ट' खेळताना माणसं हजार हजार वेळा मरतात आणि ती संख्या मित्रांना कौतुकानं सांगतात. कठीणपणा वाढला, शिक्षा जवळजवळ शून्यावर आली.

आणि आपण शिकायच्या बाकीच्या जागांवर काय करतो, तर कठीणपणा वाढवायचा म्हटलं की शिक्षाच वाढवतो. पेपर अवघड काढला म्हणजे कडक, कमी मार्क दिले म्हणजे कडक, परत संधी नाही दिली तर अजूनच कडक. त्यात गणित नक्की किती कठीण होतं हा प्रश्न बाजूलाच राहतो.

पण नुसतं भराभर परत उभं राहून भागत नाही, हे मला दोनच दिवसांत कळलं. मी मोठ्या हौसेनं दहा-दहा सेकंदांच्या १८० फेऱ्या मारायला बसले आणि पन्नासाव्या फेरीलासुद्धा चूक तीच, तशीच, तिथेच. भिंतीवर डोकं आपटायचा वेग वाढला एवढंच. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "मग तू बघत नसशील." काय बघत नसशील? "कशानं मरतेयस ते."

या एका वाक्यावर मी खूप विचार केलाय.

मारिओची ती पहिलीच पायरी आठवा, खेळलेली नसेल असं माणूस विरळा. सूचना एकही नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे उजवीकडे जायचं. थोडं गेलं की समोरून एक तपकिरी, रागीट चेहऱ्याचं मशरूम चालत येतं. नवखा माणूस काही करत नाही, त्याला धडकतो आणि मरतो. गेम सुरू होऊन काही सेकंदच झालेत, त्यामुळे गमावलं काही नाही, पण एक धडा असा मिळाला की तो समजवायला एक शब्दही लागला नाही: याला लागायचं नाही, उडी मारायची. मग पुढे ठोकळ्यातून दुसरं मशरूम निघतं, ते असतं चांगलं, पण आत्ताच एका मशरूमनं मारलेलं असल्यामुळे माणूस बिचकतो. तर ते मशरूम आधी उजवीकडे सरकतं, पाइपाला आपटतं आणि उलटं फिरून तुमच्याकडेच येतं, आणि वर विटांचं छत असल्यामुळे उडी मारून ते चुकवणंही अवघड. लागतं, आणि मारिओ मोठा होतो! हा गेम घडवणाऱ्या शिगेरू मियामोतोंनी ही पायरी कशी रचली ते त्यांनी मुलाखतींमधून सांगितलंय, आणि मला विचाराल तर पहिल्या तासाला काय शिकवावं यावर याच्याइतकी नेमकी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. तिथे प्रत्येक मरणाला कारण असतं आणि ते कारण डोळ्यांसमोर असतं.

आता याच्या शेजारी सापशिडी ठेवून बघा. ९८ वर पोचलात, फासा पडला एक, सापानं गिळलं, थेट खाली. काय शिकलात? काही नाही. शिकण्यासारखं काही नव्हतंच, फासा तुमच्या हातात नव्हता. सापशिडीत हरून कोणी कधी सापशिडीत तरबेज झालेलं नाही. आणि मला वाटतं आपल्याला आयुष्यात जी अपयशं झोपवतात ती पुष्कळदा मुळात मारिओछाप असतात पण आपल्यापर्यंत पोचतात सापशिडी होऊन. भाच्याचा पेपर म्हणजे काय होतं? वर लाल गोलात ६ आणि आत फुल्या. साप कुठे चावला, का चावला, काही नाही. मग अकरा वर्षांच्या डोक्यानं जवळ होतं ते एकमेव कारण उचललं, की आपल्यातच काहीतरी कमी आहे. मी तरी दुसरं काय करत होते, "या वयात बोटं वळत नाहीत" हे काय वेगळं आहे?

तर मी मोबाईल स्टँडवर लावून हातांचं शूटिंग केलं आणि हळू चालवून बघितलं. आणि सापडलं! डावा हात चुकत नव्हताच. म्हणजे चुकीचा स्वर तोच वाजवायचा, पण चूक त्याची नव्हती. दोन मात्रा आधी उजव्या हाताचा अंगठा बोटांखालून सरकवायचा असतो, तो मी उशिरा सरकवत होते, त्यामुळे नजर उजव्या हातावर अडकून राहायची आणि डावा हात उडी मारायला निघायचाच उशिरा. मग कसा पोचणार तो. चार महिने मी डाव्या हाताला शिव्या घातल्या, बिचारा. मरण जिथे होतं त्याच्या जरा आधी त्याचं कारण असतं, हे भाच्याला विचारलं तर त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. "हो मग, उडी चुकते ती पळताना चुकते," म्हणाला.

त्यानंतरचा सल्लाही त्याचाच. अंगठा कळला तरी वेग झेपत नव्हता, तर म्हणे, "इझी मोडला ठेव ना." आता मेट्रोनोम, म्हणजे लय धरायला ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ७२ ठोक्यांवरून ४८ वर आणणं यात कमीपणा वाटायचं खरंच काही कारण नाही, पण वाटला. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना काय वाटेल इथपर्यंत वाटला. मग शोधलं तर कळलं की २००५च्या 'रेसिडेंट इव्हिल ४'सारखे गेम हे काम न विचारताच करतात, तुम्ही सारखे मरायला लागलात की गुपचूप थोडे सोपे होतात, आणि तुम्हाला वाटतं आपणच सुधारलो. हे मला फार आवडलं, कुणीतरी आपली अब्रू राखून आपल्याला मदत करावी तसं. सोपं किती करायचं, तर २०१९ साली काही संशोधकांनी गणित मांडून दाखवलं होतं की शिकणं सगळ्यात वेगानं होतं ते साधारण ८५ टक्के बरोबर आणि १५ टक्के चूक असताना. त्यांचं गणित होतं एका ठरावीक जातीच्या शिकण्याबद्दल, संगणकाला दोन गोष्टींतला फरक ओळखायला शिकवतात तसल्या, माझ्या डाव्या हाताबद्दल नव्हे, त्यामुळे आकडा घट्ट धरून बसण्यात अर्थ नाही. पण अंदाजे मला तो पुरला. सहा-सात फेऱ्यांत एक चुकेल इतका वेग ठेवायचा. एकही चुकत नसेल तर चार ठोक्यांनी वाढवायचा, दर दुसरी चुकत असेल तर कमी.

एक कबुली देऊन टाकते. याच्या आधी मी 'गेमसारखं शिकणं' म्हणजे काय समजत होते? पॉइंट, बॅज आणि स्ट्रीक. भाषा शिकायचं एक ॲप मी वापरायचे, त्यात रोज थोडं केलं की दिवसांची साखळी वाढते. ६४ दिवस झाले होते. मग प्रवासात एक दिवस राहिला, साखळी तुटली, आणि मी पुढचे तीन महिने ते ॲप उघडलंच नाही. शिकलेले शब्द डोक्यात होते तसेच होते, गेला होता फक्त एक आकडा, तरी मला वाटलं आपण परत शून्यावर. म्हणजे गेमच्या नावाखाली मी नेमकी गेममधली सगळ्यात जुनी, आर्केडच्या मशीनमधली वाईट खोड घरात आणली होती. रियाजाच्या वहीत चांदण्या चिकटवायचाही प्रकार करून झाला, दुसऱ्या आठवड्यात मी चांदणी मिळावी म्हणून सोपीच धून वाजवत होते.

या चांदण्यांचं काय होतं ते १९७३ मध्येच दिसलं होतं खरं तर. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या अशा मुलांना निवडलं ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला आपणहून आवडत होतं. काहींना सांगितलं, चित्र काढ, बक्षीस म्हणून सर्टिफिकेट मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही. एक-दोन आठवड्यांनी परत बघितलं तर बक्षिसासाठी काढणारी मुलं आता मोकळ्या वेळात स्केचपेनला बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ देत होती. आवडीचं काम होतं, त्याची नोकरी झाली. पण याचा अर्थ पॉइंट वाईटच असाही नाही, कशाला देता त्यावर आहे. २०१४ मध्ये अपूर्णांक शिकवणाऱ्या एका गेममध्ये असं करून बघितलं की लेव्हल जिंकल्याचे नाही तर वेगळी युक्ती वापरल्याचे, थोडं पुढे सरकल्याचे, झटापट केल्याचे पॉइंट द्यायचे, आणि मुलं जास्त वेळ टिकली, अडल्यावरसुद्धा.

आणि पॉइंट कापले तर काय होतं? मार्क रोबर म्हणून नासात काम केलेला इंजिनिअर आहे, आता यूट्यूबवर असतो, त्यानं २०१८च्या एका भाषणात सांगितलेली गोष्ट. त्यानं आपल्या ५०,००० प्रेक्षकांना एक प्रोग्रॅमिंगचं कोडं दिलं. चुकलं की काहींना नुसतं 'परत करून बघा', आणि काहींना 'तुमचे २०० पैकी ५ पॉइंट गेले, परत करून बघा'. त्या पॉइंटांना काडीची किंमत नव्हती, कुणाला दिसणारही नव्हते. तरी पॉइंट न गेलेल्यांतले ६८ टक्के कोडं सोडवू शकले आणि गेलेल्यांतले ५२. कारण पहिल्यांनी सरासरी १२ वेळा प्रयत्न केला आणि दुसऱ्यांनी ५. हा काही प्रयोगशाळेतला काटेकोर अभ्यास नव्हे, पण १२ आणि ५ हे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. पाच खोटे पॉइंट, आणि सात प्रयत्न गायब!

आता इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मग सगळंच असं गुळगुळीत करा, मेला की उठला. तर २०११चा 'डार्क सोल्स' घ्या. तिथे मेलात की मागच्या शेकोटीपाशी, वाटेतले मारलेले शत्रू परत जिवंत, आणि कमावलेलं सगळं जिथे मेलात तिथे पडलेलं. तिथवर परत जाऊन उचलायचं, आणि वाटेत पुन्हा मेलात तर गेलं कायमचं. माझ्या सगळ्या सिद्धांताच्या विरुद्ध, आणि लोक त्यासाठी वेडे आहेत. मी बरेच दिवस याचं उत्तर शोधत होते. मला वाटतं ते असं आहे की ती परतीची वाट वाया जात नाही, दहाव्यांदा चालताना तुम्ही ती झोपेत चालता आणि तेव्हा कळतं आपण केवढे बदललो. माझं गुळगुळीत झालेलं पहिलं पान वाया गेलं असा वर माझा सूर होता, तो पण पूर्ण खरा नाही मग. असो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मात्र एका गोष्टीची मला चीड येते, ती म्हणजे "अपयशाला घाबरू नका, परत उठा" हे वाक्य सरसकट कुणालाही फेकून मारणं. ज्याच्याकडे दुसरा जीवच नाही त्याला काय सांगता? एकच संधी असते, एकच वर्षाची फी असते, एकच शरीर असतं. भाचा निर्धास्त मरतो कारण त्याला उठवायची सोय कुणीतरी बसून केलेली आहे, तो काही जात्याच शूर नाही.

ती सोय करायला कुणाचं तरी डोकं आणि पैसा लागतो, आणि पुष्कळदा आधी कुणाचा तरी जीव जातो. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाची गोष्ट मला म्हणून फार जवळची वाटते. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता. याला विमान चालवायचं वेड, पण शिकणं महाग आणि जिवावरचं. तर १९२९ मध्ये त्यानं कारखान्यातलेच ऑर्गनचे भाते आणि पंप वापरून एक खोटं विमान केलं, जमिनीवर बसूनच डुलणारं, वळणारं. सुरुवातीला ते लोकांनी खेळणं समजून जत्रेच्या मैदानात लावलं. १९३४ साली अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहायचं काम अचानक पडलं, खराब हवेत नुसत्या यंत्रांकडे बघून उडवायची त्यांना सवय नव्हती, काही आठवड्यांत बरेच जण मेले. तेव्हा सैन्यानं लिंककडून सहा यंत्रं घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक आधी त्या डब्यात बसून पडले आणि मग खऱ्या विमानात चढले. ज्या भात्यांनी सूर निघायचे त्यांनी पडायची सोय केली. मी झाकण उघडून कीबोर्डपुढे बसते तेव्हा कधी कधी उगाच लिंक आठवतो.

वर्षाअखेर सरांनी सगळ्या विद्यार्थ्यांचं वादन ठेवलं. तीसेक माणसं, बहुतेक आठ ते बारा वयाची आणि त्यांचे आईबाप, आणि मधे मी. तिथे रिट्राय नाही. त्यामुळे आधीच्या महिन्यात मी एक काम केलं होतं, धूनीत पेन्सिलीनं नऊ खुणा केल्या आणि कुठल्याही खुणेपासून थेट सुरू करता येईल असा रियाज केला. भाचा डोळे मिटून आकडा सांगायचा, "सात!", की सातपासून. "दोन!" की दोनपासून. त्याला यात माझ्यापेक्षा मजा यायची.

आणि व्हायचं ते झालं. ती भीतीची जागा छान गेली, अंगठा वेळेवर, डावा हात नेमका, आणि त्या आनंदात पुढची सोप्पी जागा मी साफ विसरले. हात थांबले. किती वेळ कोण जाणे, मला अर्धा तास वाटला, शूटिंगमध्ये दीड सेकंद दिसतोय. पूर्वीची मी असते तर परत पहिल्यापासून. त्या दिवशी हात आपोआप आठव्या खुणेवर जाऊन पडले आणि धून तिथून पुढे निघाली. मधल्या चार ओळी त्या दिवशी कुणी ऐकल्याच नाहीत. टाळ्या वाजल्या. सरांनी फक्त भुवया उंचावल्या. भाचा मागच्या रांगेतून दोन बोटं दाखवत होता, ते व्हिक्टरीचं असेल असं मी धरून चालले, पण घरी आल्यावर म्हणाला, "नाही गं, दोन वेळा मेलीस ते सांगत होतो. एकदा पहिल्या पानावर पण."

आणि त्या ६ मार्कांच्या पेपरचं राहिलंच. तो आम्ही दोघांनी एका रविवारी टेबलावर पसरला. मी अट घातली की उत्तर दुरुस्त करायचं नाही, नुसतं कुठे मेलास तिथे कवटी काढायची. फुलीपाशी नाही, फुलीच्या आधी, जिथे पहिल्यांदा वाट चुकली तिथे. तो कंटाळत कंटाळत काढत गेला. सात गणितं चुकलेली, सात कवट्या. मग त्यानं पेपर जरा लांब धरला आणि म्हणाला, "मावशी, थांब." पाच कवट्या एकाच प्रकारच्या जागी होत्या, कंसाबाहेर वजा चिन्ह असताना कंस सोडवताना. आतलं पहिलं चिन्ह तो बदलायचा आणि दुसरं तसंच ठेवायचा. दर वेळी.

"म्हणजे मी पाचही वेळा एकाच काट्यावर मेलोय," तो म्हणाला. एवढं चिडून म्हणाला की मला हसू आलं. मग पेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वजा कंस, वजा कंस, वजा कंस, कोपऱ्यात कवटी आणि तिच्यापुढे उभ्या रेघा. मी चहा टाकायला उठले तेव्हा नऊ रेघा होत्या.